दर आठ दिवसांनी दोन हंडे

मंगळवार, २२ एप्रिल २०२५, शेणवा

माझी मुलगी रंजिता पडघ्याला ज्या गोदामात कामाला आहे तिथे वर्षातून एकदा एक कागद भरून घेतात. आपल्या कामाला आपणच दहापैकी गुण द्यायचे आणि खाली दोन ओळींत लिहायचं, कुठे कमी पडलो आणि काय सुधारणार. परवा जेवण झाल्यावर ती तो भरत बसली होती. तिची आई, संजीवनी, हसली. "आपला पेपर आपणच तपासायचा? मंग नापास कोन होनार?"

मी हसलो नाही. मला ती पद्धत पटली. म्हणून ही वही.

मी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नाही. मुरबाडला एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात दोन वर्षं बसून मोटर भरायला शिकलो, बाकी पुस्तकं आणून वाचली. जळलेली तार काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे. एक वेढा इकडेतिकडे झाला तर मी सगळं उसवतो. शहापूर-मुरबाडात मी एकेचाळीस विहिरींवर पंप बसवलेत आणि प्रत्येकाची तारीख माझ्याकडे लिहिलेली आहे.

त्यातला तेविसावा पंप नवशाचा, आमच्या वरच्या पाड्यावर. बसवला रविवार, १३ फेब्रुवारी २०२२. त्या पंपाला हात लावून नवशाची बायको जिवली ८ एप्रिलला सकाळी साडेनऊच्या सुमारास गेली. भेंडीला पाणी लावायला गेली होती.

पंचनाम्यात आलं की ओलाव्याने वाइंडिंग जळून पंपाच्या अंगात करंट उतरला. अपघाती मृत्यू. कोणाचा दोष नाही. गावही तेच म्हणतं, तिची वेळ भरली होती.

मला 'वेळ भरली' चालत नाही. वाइंडिंग कोणाचंही जळू शकतं, त्यासाठीच अर्थिंग असतं. पाच फूट खड्डा, त्यात पत्रा, वर मीठ आणि कोळशाचे थर, आणि पंपाच्या अंगापासून तिथवर तार. करंट उतरला की जमिनीत जातो, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. पण खड्डा ओला पाहिजे. सुकला की असून नसल्यासारखा. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी सांगतो: होळीपासून पाऊस लागेपर्यंत दर आठ दिवसांनी दोन हंडे पाणी खड्ड्यात. एकेचाळीस ठिकाणी एकेचाळीस वेळा सांगितलंय. नवशालाही सांगितलं होतं, विहिरीजवळच्या आंब्याखाली उभं करून. ते काम करताना जिवली चहा घेऊन आली होती ते आठवतं. मिठाची गोणी बघून म्हणाली होती, "मिस्तरी, लोनचा घालता का काय खड्ड्यात?" बायकांची चेष्टा.

तिच्या दहाव्यानंतर मी तो खड्डा उकरून बघितला. माती भाजलेल्या विटेसारखी.

उद्यापासून सगळ्या खड्ड्यांची तपासणी. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये दोनशे वॉटचा बल्ब लावायचा. लख्ख पेटला तर खड्डा जिवंत, नुसती तार लाल झाली तर मेला. बल्ब खोटं बोलत नाही. त्याप्रमाणे मला गुण.

गुरुवार, २४ एप्रिल

नवशाकडे गेलो. तो कसाऱ्याला ठेकेदाराकडे कामाला असतो. सहा दिवस तिकडेच, रविवारी घरी. ८ तारखेपासून गेलेला नाही. पडवीत भिंतीला टेकून बसला होता.

मी आडवळण घेतलं नाही. विचारलं, "नवशा, दोन हंडे पाण्याचं मी तुला सांगितलं होतं की नाही?"

तो म्हणाला, "सांगितला होतात. आंब्याखाली. मला पाठ हाय. दर आठ दिवसांनी दोन हंडे."

"मग?"

"पयल्या वरसाला दोनदा घातला. मंग इसरलो. रविवारी येयाचा, झोपायचा, जायाचा." मग म्हणाला, "मीच मारली तिला, मिस्तरी."

खरं होतं ते. पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

त्याची मुलगी रविना कुडापर्यंत मागे आली. बारावीची परीक्षा दिली आहे तिने. "काका, काय बोललात तुमी बाबाला?"

"जे होतं ते विचारलं."

"तुमी आलात तवापासून तेच तेच पुटपुटतोय तो."

घरी येताना गाडी हलकी लागत होती. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. सोळा दिवसांनी पोटभर जेवलो.

तेविसावा पंप. काम १०. सूचना १०.

रविवार, २७ एप्रिल

तीन ठिकाणं केली.

नथूकडे बल्ब लख्ख पेटला. पाच वर्षांचा जुना खड्डा आणि असा पेटला, की नथूची बायको ताराबाई बघायला बाहेर आली. पण तिने खड्ड्यावर अळूचं रान करून ठेवलंय. मोरीचं पाणी तिथेच सोडलेलं, सगळा चिखल. झाकण शोधायला पाऊण तास गेला. सांगितलं, अळू उपटा, ही भाजी लावायची जागा नाही. ताराबाई म्हणाली, "अवो, याच अळवाची वडी गेल्या टायमाला चार खाल्लात की." नथू हसत सुटला. मला ते आवडलं नाही. अळूपायी एक गुण कापला. ९.

दुसरीकडे बल्बची तार जेमतेम लाल. घरधनी ओशाळून म्हणाला, "सांगितला होतात तुमी, पन ध्यानातून गेला." आतून त्याची बायको: "काय सांगितला होता?" तो म्हणाला, "तुला नाय कळायचा." सूचना दिली होती, पाळली नाही. माझे १०.

तिसरीकडे तेच. १०.

बुधवार, ३० एप्रिल

काम नव्हतं, तरी एक गोष्ट लिहायला हवी.

दुरुस्तीसाठी मिठाची गोणी आणली. पडवीत बसून गोणीचं तोंड सोडत होतो. मागून आवाज आला, "लोनचा घालता का काय?" स्पष्ट. तिच्याच हेलात, शेवटी जरा हसू. वळून बघितलं तर अंगणात फक्त कोंबडी.

संजीवनीने यंदाच्या कैऱ्या चिरून ठेवल्यात. तिच्या परातीतलं खडे मीठ आणि माझ्या गोणीतलं एकच. जेवताना लोणचं वाढलं, ते ताटाच्या कडेला सारलं.

"आंबट हाय का?"

"नाही."

"मंग?"

उठून हात धुतले.

शनिवार, ३ मे

किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याला गेलो. धाकलूचा पंप, एकतिसावा. धाकलू टेम्पो चालवतो, आज सुदैवाने घरी होता. विहीर घराच्या मागेच.

बल्ब असा पेटला की भर उन्हात डोळे दिपले. आजवरचा सगळ्यात चांगला खड्डा. पण खड्ड्याच्या तोंडावर केळ, तिला पोरं चार, आणि भांड्यांच्या दगडावरून येणारी चारी थेट तिथे. असा गचाळपणा मी सोडून आलो नव्हतो. धाकलूची बायको जनी भांडी घासत होती. तिला म्हटलं, "ही केळ इथे कोणी लावली?"

"मीच. का, शेजारनीनं लावायला पायजे होती?"

"हा अर्थिंगचा खड्डा आहे. इथे घाण पाणी सोडायचं नाही."

"सोडला तर काय होतो?"

"धाकलूला सांगितलंय मी सगळं."

"तो तर चार-चार दिस घाटावर असतो. त्याला सांगून काय केळ ऐकनार हाय?"

धाकलू मान खाली घालून हसत होता. मी त्याची कुदळ घेतली आणि चारी स्वतः पलीकडे वळवून दिली. केळ घड उतरला की काढा म्हटलं. आणि धाकलूला पुन्हा बजावलं, दर आठ दिवसांनी दोन हंडे, स्वच्छ पाण्याचे. त्याने मान हलवली. नवशानेही अशीच हलवली होती.

हे शेवटचं वाक्य मी का लिहिलं कळत नाही. राहू दे.

काम १०. स्वच्छतेचा एक गुण कापला. तो आता सुधारला.

परतताना दोनदा आरशात बघितलं. गाडीवर मागे कोणी बसलंय असं वाटत होतं.

बुधवार, ७ मे

आज अकरा ठिकाणं पूर्ण झाली. अकरावं ठिकाण माझं घर. आपल्या घराला सवलत नाही.

बल्ब लख्ख पेटला. संजीवनीला बोलावून दाखवला. म्हटलं, "बघ, बारा वर्षांचा खड्डा. ह्याला म्हणतात काम."

ती म्हणाली, "पेटनारच. तिथंच तर मी भांडी घासते."

मी म्हटलं, "तिथे घासू नको म्हणून किती वेळा सांगितलंय तुला. आठ दिवसांनी दोन हंडे पुरतात."

"कसले दोन हंडे?"

"अर्थिंगला. होळीनंतर."

"हे मला कदी सांगितलात?"

"बारा वर्षं सांगतोय मी."

"लोकांना सांगत असाल. माज्याशी तुमी कामाचा बोलता कदी? वाढ, आन, झाक, याच्यापलीकडं?" तिला राग नव्हता आला. बल्बकडे बघत होती. "आनि घालत कोन होता मंग हे दोन हंडे? तुमी?"

मी घातले नव्हते. एकदाही नाही.

ती आत गेली. मी वही काढून अकरा नावं एकाखाली एक लिहिली. बल्ब लख्ख: पाच. ताराबाईचं अळू, जनीची केळ, एकीकडे तुळशीचं आळं, एकीकडे गुरांची डोण सांडते ती जागा, आणि संजीवनीची भांडी. बल्ब मेलेला: सहा. सहाही विहिरी घरापासून लांब, सांडपाणी पोचत नाही अशा. सहाही ठिकाणी सूचना दिलेली. पुरुषाला.

पाचांपैकी एकीलाही मी काही सांगितलेलं नाही. त्यांनी आपलं पाणी टाकलं आणि खड्डा जगला. त्यातल्या दोघींचे मी गुण कापले.

अकराही घरांत पंपाची कळ दाबतं कोण, पाणी शेंदतं कोण, हंडा कोणाच्या डोक्यावर? हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कधी विचारलं नव्हतं एवढंच.

आणि शनिवारी मी वैशाखऱ्याला माझ्या हाताने जिवंत खड्ड्याचं पाणी तोडून आलोय. आज पाचवा दिवस.

धाकलूला फोन लावला. लागत नाही. घाटात असेल.

गुरुवार, ८ मे

जिवलीला जाऊन आज महिना झाला. पहाटेच वैशाखऱ्याला निघणार होतो, पण गाडीची साखळी तुटली. दिवसभर फोन. लागला नाही. जनीचा नंबर माझ्याकडे नाही. एकेचाळीस घरांचे नंबर आहेत वहीत, बाईचा एकही नाही.

शुक्रवार, ९ मे

साखळी शहापूरहून आणेपर्यंत दुपार झाली. निघणार तेवढ्यात रविना दारात. तीन किलोमीटर चालत आली होती.

"काका, बाबा इहिरीच्या काठावर बसून असतो सकालपासून. मी पानी काढायला गेले तर हंडा काढून घेतो. बोलतो, या इहिरीचा पानी आता या घरात नाय येयाचा. आत्याला बोलला, माज्यामागं रविनाला बघ." ती रडत नव्हती. "त्याला एकच लागून ऱ्हायलाय. मला सांगितला होता, मला सांगितला होता. हे तुमी त्याच्या तोंडातून काढलात. आता तुमीच बघा."

तिच्या आत्याला फोन करून सांगितलं, मी येईपर्यंत नवशाला नजरेआड करू नका. रविनाला गाडीवर घेऊन पाड्यावर सोडलं. आत गेलो नाही. पाय गेला नाही, असं लिहितो. परत आलो आणि ही वही उघडली. १३ फेब्रुवारी २०२२ मी या वहीत अर्धीच लिहिली आहे. आता पूर्ण लिहितो.

सकाळचे अकरा. नवशा बांधावर दगड रचत होता. मी खड्ड्यात कोळशाचा थर देत होतो. जिवली कोरा चहा घेऊन आली, कमरेवर भरलेला हंडा. हंडा खड्ड्यापासून दोन हातांवर टेकवला. लोणच्याचं बोलली. मी हसलो नाही. मग तिने नीट विचारलं, चेष्टा सोडून. "खरा सांगा मिस्तरी, मीठ कशाला टाकता?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उकिडवी बसून खड्ड्यात बघत होती.

मी म्हणालो, "तू चहा ठेव आणि जा. हे नवशाला समजावतो मी."

ती "बरा" म्हणाली. हंडा उचलला आणि गेली. ती आंब्यापलीकडे जाईपर्यंत मी थांबलो. मग नवशाला हाक मारली आणि ते वाक्य सांगितलं.

त्यानंतर तीन वर्षं ती रोज हंडा घेऊन त्या खड्ड्यावरून गेली. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन.

गुण लिहिणार होतो. पेन टेकवून ठेवलं बराच वेळ. कागदाला शाईचा डाग पडलाय तेवढाच.

शनिवार, १० मे

सकाळी आधी वैशाखरे. नवशापाशी त्याची बहीण आहे; तिथे पंप रोज चालतो, म्हणून आधी.

जनी दगडावर भांडी घासत होती. मी चारीकडे बघितलं. पाणी केळीलाच जात होतं.

"चारी कोणी फिरवली?"

"मी. तुमची गाडी वलनावर गेली नाय तो मी पानी फिरवला. घड लागलेली केळ कोन सुकवतो? लेकुरवालीला उपाशी ठेवनार का?"

मी तिथेच ओट्यावर बसलो. जनी घाबरली. "मिस्तरी, चक्कर आली का? पानी देऊ?"

तिला सगळं सांगितलं. तार, पत्रा, करंट, ओल. तिने राखेचे हात तसेच ठेवून ऐकलं.

"म्हंजे हा खड्डा सुकला तर पंपाला हात लावनारा मरतो."

"मरू शकतो."

"आनि ओला ठेवला तर नाय."

"बहुतेक नाही. आणि पंप झिणझिणला की कळ बंद करायची, आणि मला फोन."

"एवढाच होता?" ती म्हणाली. "मंग त्या दिशी का नाय बोललात? माज्याशी भांडत बसलात केळीवरून."

तिचा नंबर लिहून घेतला. वहीतला पहिला.

येताना सरळगावला, मेलेल्या खड्ड्यांपैकी एक घर केलं. घरधन्याला म्हटलं, बायकोला बोलाव. तो म्हणाला, मला सांगा ना, मी सांगतो तिला. मी म्हटलं, नको.

रविवार, ११ मे

नवशा विहिरीच्या काठावरच होता. रविना आणि तिची आत्या आंब्याखाली बसलेल्या, त्याच्यावर नजर ठेवून. पंप काढून नेलाय, नुसते बोल्ट उभे आहेत. जिवलीचा हंडा अजून तिथेच पालथा. त्याच्या पोटाला एक पोचा आहे, त्या दिवशी पडला तेव्हाचा असेल. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. चहा, लोणचं, तिने दुसऱ्यांदा विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. एक शब्द गाळला नाही. माझ्या मागे ती उभी आहे आणि ऐकते आहे असं सारखं वाटत होतं. या वेळी वळून बघितलं नाही.

नवशा म्हणाला, "तिनं इचारला होता?"

"दोनदा."

"आनि तुमी नाय सांगितला?"

"नाही."

"मी इसरतो." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "सगला इसरतो मी. तिलाबी हे म्हाईत होता. पन ती नाय इसरायची. रविनाच्या लसीच्या तारखा, सुईनीचं नाव, आंब्याला शेन कदी घातला. तिला एकदा सांगितला का झाला." मग माझ्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत राग होता. "तिला सांगितला असतात तर ती हितं असती."

"हो," मी म्हणालो.

वाटलं अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. तो काठावरून उठला, चार पावलं चालत गेला आणि आंब्याला डोकं लावून ओरडून रडला. त्याची बहीण उठायला लागली, तर रविनाने तिला हात धरून बसवलं. "रडू दे गो, आत्या. महिना झाला, रडला नाय तो."

मी निघायला वळलो. नवशा पाठमोराच म्हणाला, "परत येऊ नका हितं." मी "बरं" म्हणालो.

तेवढ्यात रविना उठली. तिने तो पोचा पडलेला हंडा सुलटा केला आणि दोर विहिरीत सोडला. नवशाने बघितलं. हंडा काढून घेतला नाही. त्याने दोराला हात लावला आणि पाणी ओढू लागला.

हंडा कमरेवर घेऊन ती खड्ड्यापाशी आली. "कुठं ओतायचा?"

"पंप नाही आता इथे."

"कदी तरी येईल. कुठं?"

झाकण सरकवून दाखवलं. पहिला हंडा मातीने असा ओढून घेतला की आवाज आला. दुसरा भरेपर्यंत ती उकिडवी बसून आत बघत होती. अगदी त्याच जागी.

"हे पांढरा काय हाय?"

"मीठ."

"मीठ कशाला टाकता?"

सांगितलं. मीठ हवेतली आणि मातीतली ओल धरून ठेवतं, कोळसा ती लवकर सुकू देत नाही, ओलीतून करंट जमिनीत जातो, माणसातून जात नाही. आणि मीठ काही वर्षांनी झिजतं, ते पुन्हा घालावं लागतं. ती म्हणाली, "अस्सं." दुसरा हंडा ओतला.

घड्याळ बघितलं होतं. सगळं सांगायला पाऊण मिनिट लागलं.